नोट त्यांची, चाट आपल्याला

(वस्तीतल्या युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडी काटछाट करून.)



पत्रकात माझ्या नावापुढं 'कवी' असं छापलंय. कविता ऐकायला आलेल्यांनी आत्ताच बाहेर जाऊन चहा मारून यावा. मी आज पैशावर बोलणार आहे. मॅट्रिक झालेला गोदीतला हमाल चलनावर काय बोलणार, असं मागं बसलेल्या एम.ए. वाल्यांना वाटत असेल, तर वाटू द्या. नोट मोजायला पदवी लागत नाही. नोट कमी पडते तेव्हा तर अजिबातच लागत नाही.

विषय का घेतला ते सांगतो. आपल्या गल्लीतल्या पोरांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय. कोट घातलेला एक इसम सांगतो की बँकांनी गरिबाला लाथाडलं, क्रिप्टोने त्याला उचलून उभं केलं; बघा, नायजेरियाकडे बघा. आणि खाली लिंक. हजार रुपये टाका. म्हणजे लागोसमधल्या माणसाची भूक हा ह्याच्या दुकानाचा बोर्ड! माझं डोकं तिथं फिरलं. तर बघूच म्हटलं नायजेरियाकडे. नीट बघू.

नायजेरियाचं चलन नायरा. १ जानेवारी १९७३ ला ते सुरू झालं, आधी तिथं पौंड चालायचा. सुरुवातीला एका नायराला दीड डॉलर मिळत. हसू नका, खरं आहे. जमिनीतून तेल निघत होतं, सत्ताधाऱ्यांना वाटलं आता विहीर कधी आटत नाही. १९८० नंतर तेलाचा भाव कोसळला, कर्ज चढलं, आणि १९८६ साली लष्करशहा बाबांगिदाच्या राजवटीत 'स्ट्रक्चरल अ‍ॅडजस्टमेंट' नावाचं औषध आलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दवाखान्यातलं. पाजणारे धष्टपुष्ट राहिले, पिणारे वाळले. तेव्हापासून नायरा जिन्यावरून जो घरंगळतोय तो घरंगळतोय.

आता तो आपोआप घरंगळत नाही. चलन म्हणजे काही पाऊसपाणी नव्हे. त्याला ढकलणारे हात असतात आणि त्या हातांच्या बोटात अंगठ्या असतात.

एक हात सरकारचा. अर्थसंकल्पाला भोक पडलं की तिथलं सरकार आपल्याच मध्यवर्ती बँकेकडून उचल घ्यायचं. उचल म्हणजे काय हे मी सांगायला नको, गावाकडून ऊसतोडीला जाऊन आलेले भाऊ इथं बसलेत. ऊसतोड्याने घेतलेली उचल त्याच्या पाठीवर वसूल होते. सरकारने घेतलेली उचल, तीही त्याच्याच पाठीवर वसूल होते. नायजेरियाच्या कायद्यात ह्या उचलीला मर्यादा होती, आदल्या वर्षीच्या महसुलाच्या ५ टक्के. २०२३ च्या मे महिन्यापर्यंत ती उचल २२ लाख कोटी नायरांच्या वर गेली. मग तिचं नाव बदलून लांब मुदतीचं कर्ज केलं. हमालाने हजार रुपये बुडवले की चोर, आणि हे म्हणजे 'वित्तीय धोरण'.

दुसरा हात ओळखीपाळखीवाल्यांचा. तिथं डॉलरला दोन भाव होते, एक सरकारी, एक रस्त्यावरचा. २०२३ च्या सुरुवातीला सरकारी भाव ४६० नायराच्या आसपास, रस्त्यावर ७४०-७५०. सरकारी भावात डॉलर कुणाला? ज्याचा मामा वर बसलाय त्याला. तो समोरच्या दाराने ४६० ला डॉलर घेणार, मागच्या दाराने ७५० ला विकणार. डॉलरमागं २९० नायरा, घामाचा थेंब नाही. आमच्याकडे दोन पाळ्या सलग केल्या तरी मुकादम चहाचे पैसे कापतो!

जून २०२३ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांच्या सरकारने सांगितलं, दोन भाव नकोत, बाजार ठरवील तो भाव. ऐकायला न्याय्य. पण बाजाराने भाव ठरवला तो आधी साडेसातशे, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत दीड हजाराच्याही पुढं. त्याच सुमारास पेट्रोलवरचं अनुदानही काढलं होतं. डिसेंबर २०२४ चा तिथला सरकारी महागाईचा आकडा ३४.८ टक्के. अन्नधान्याचा आकडा त्या वर्षी मध्ये चाळिसाच्या वर गेलेला.

टक्क्यांत मला काही दिसत नाही. पोत्यात दिसतं. २०१९ साली तिथं किमान मासिक पगार ठरला ३०,००० नायरा. तेव्हाच्या बाजारभावाने ८० डॉलरच्या थोडा वर. २०२४ च्या सुरुवातीला तेच तीस हजार म्हणजे २० डॉलर. कागदावर पगार तेवढाच, एक पैसा कापलेला नाही. त्या वर्षी ५० किलो तांदळाचं पोतं किमान पगाराच्या दुपटीहून महाग झालं. मग सरकारने सरकारी नोकरांवर मेहेरबानी म्हणून स्वस्तातलं पोतं काढलं, ते किती, तर ४०,००० नायरा. पोत्याचं वजन मला माहीत आहे. लागोसच्या आपापा बंदरातल्या हमालालाही माहीत आहे. महिनाभर बोटीतून पोती उतरवायची आणि महिन्याच्या अखेरीला त्यातलं एक पोतं घरी नेता येत नाही.

अशा वेळी माणूस काय करतो? नायरा हातात आला की तो वितळायच्या आत कशात तरी बदलतो. पत्रे घेतो, सिमेंट घेतो, डॉलर घेतो. पण डॉलरचे दरवाजे एकेक करून बंद होत गेले. जुलै २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेने रस्त्यावरच्या परवानाधारक चलनदुकानांना डॉलर विकणं थांबवलं. २०२२ मध्ये कित्येक बँकांनी नायराच्या कार्डावर परदेशी खर्चाची मर्यादा महिन्याला २० डॉलरवर आणली, आणि पुढं तेही बंद केलं. बाहेरच्या विद्यापीठाचा अर्ज भरायचा तर फी कशी भरणार? वर २०२३ च्या जानेवारी-मार्चमध्ये जुन्या नोटा बाद, नव्या नोटा गायब. माणसं एटीएमसमोर रात्री काढत होती, काही ठिकाणी बँकांवर दगड पडले. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरची रांग आठवते ना? नाक्यावर उभ्या राहणाऱ्यांना आठवतच असेल. तिथं शेवटी सुप्रीम कोर्टाने ३ मार्च २०२३ ला सरकारला थोबाडलं आणि जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील असं सांगितलं.

ह्या बंद दारांच्या मधून क्रिप्टो आत शिरलं. कुणा तंत्रज्ञानाच्या प्रेमापोटी नव्हे. हे त्या व्हिडिओवाल्याने सांगितलं नाही.

कसं चालतं ते सांगतो. समजा लागोसमध्ये शिवणकाम करणारी एक बाई आहे. तिला चीनहून कापडाचे तागे मागवायचेत. बँक म्हणते डॉलर नाही. ती मोबाईलवर अ‍ॅप उघडते, तिथं कुणीतरी 'यूएसडीटी' विकायला बसलेला असतो. हे यूएसडीटी म्हणजे टेथर नावाच्या कंपनीचं नाणं, एक नाणं बरोबर एक डॉलर असा कंपनीचा शब्द. विकणाऱ्याचं नाणं अ‍ॅप अडकवून ठेवतं. बाई त्याच्या बँक खात्यात नायरा पाठवते. पैसे मिळाले असं त्याने सांगितलं की अ‍ॅप नाणं सोडतं. बाई ते नाणं चीनमधल्या व्यापाऱ्याच्या माणसाला पाठवते. काही मिनिटांत काम. बँकेच्या वहीत एवढंच दिसतं की एका माणसाने दुसऱ्याला नायरा पाठवले. मावशीने भाच्याला पाठवतात तसे.

म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेने फतवा काढला की बँकांनी क्रिप्टोच्या धंद्याला हात लावायचा नाही, तेव्हा काय झालं? धंदा थांबला नाही, माणसाकडून माणसाकडे असा सुरू राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये तो फतवा गुपचूप मागं घेतला. मध्ये सरकारने स्वतःचंही डिजिटल नाणं काढून बघितलं, ई-नायरा, ऑक्टोबर २०२१. वाजतगाजत उद्घाटन. नाणेनिधीच्याच एका अभ्यासात २०२३ साली निघालं की कोणताही आठवडा घ्या, ई-नायराची ९८.५ टक्के पाकिटं त्यात एकदाही उघडलेली नाहीत. लोक मूर्ख नसतात. जो नायरा खिशात कुजतो तो मोबाईलमध्येही कुजणारच. डबा बदलून नासलेलं दूध गोड होत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका बोटीवर मला लागोसचा एक खलाशी भेटला. पाऊस थांबेना, काम बंद, आम्ही शेडमध्ये बसलो. त्याचं इंग्रजी बरं, माझं मोडकं. मी विचारलं, तू बिटकॉइन घेतोस का? म्हणाला, नाही रे, तो जुगार माझ्या धाकट्या भावाचा. मी फक्त डॉलर ठेवतो. आणि मोबाईल दाखवला, तर त्यात टेथर. तो त्याला टेथर म्हणतच नव्हता, डॉलरच म्हणत होता. बायकोला सांगून ठेवलंय, एकदम मोडू नकोस, आठवड्याला लागतील तेवढेच मोड, म्हणजे महिन्याच्या शेवटी नायरा पडला तरी उरलेलं वाचेल. मला वाटतं एवढी साधी अक्कल त्यांच्या मध्यवर्ती बँकेत कुणी दाखवली असती तर बरं झालं असतं. ह्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका. इथं रुपयाच्या सावलीत बसून त्याला देशभक्ती शिकवणारा हरामखोर समजावा.

अजून एक गोष्ट, चळवळीतल्या माणसांनी ध्यानात ठेवण्यासारखी. ऑक्टोबर २०२० मध्ये नायजेरियाची पोरं रस्त्यावर उतरली होती. पोलिसांचं एक दरोडाविरोधी पथक होतं, सार्स नावाचं, तेच दरोडे घालायचं, पोरांना उचलायचं, मारायचं. २० ऑक्टोबरला लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर सैनिकांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. ह्या आंदोलनात जखमींचा दवाखाना, अटकेतल्यांचे वकील, जेवणपाणी हे सगळं ज्या गटांनी सांभाळलं त्यात 'फेमिनिस्ट कोअ‍ॅलिशन' हा बायांचा गट पुढं होता. त्यांचा बँकेतला देणगीचा रस्ता बंद झाला. त्यांनी बिटकॉइनमध्ये देणग्या घ्यायला सुरुवात केली आणि काम चालू ठेवलं. पुढच्याच महिन्यात मध्यवर्ती बँकेने कोर्टाचा हुकूम आणून आंदोलनातल्या वीस खात्यांना टाळं ठोकलं. बिटकॉइनला टाळं ठोकता येईना. फेब्रुवारीच्या त्या फतव्यामागं हाही राग होता असं तिथले बरेच लोक मानतात, आणि मलाही ते पटतं.

मग क्रिप्टो म्हणजे मुक्ती का?

थांबा. बिटकॉइनचा मालक नाही हे खरं, पण त्याचा भाव नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरला शिवला आणि वर्षभरात १६,००० च्या खाली आला. असल्या नाण्यात पोराची फी साठवायची? म्हणून नायजेरियातला पोटापुरतं बघणारा माणूस बहुतेक टेथरकडेच जातो. टेथरचा भाव हलत नाही. पण टेथरला मालक आहे. आणि मालकाने ठरवलं, किंवा अमेरिकेच्या पोलिसांनी सांगितलं, तर तो कोणाचंही टेथर गोठवू शकतो, कित्येकदा गोठवलंय.

हा मालक काय करतो बघा. आपण त्याला खरे डॉलर द्यायचे, तो आपल्याला नाणं देणार. त्या डॉलरचे तो मुख्यतः अमेरिकन सरकारचे रोखे घेतो. रोख्यांवर व्याज मिळतं. ते व्याज कुणाला? खलाशाला? शिवणकामवाल्या बाईला? एक छदामसुद्धा नाही. २०२४ साली ह्या कंपनीने स्वतःच जाहीर केलेला नफा १३ अब्ज डॉलर. नोकरमाणसं शे-दोनशे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने ह्या धंद्यासाठी कायदाच केला, 'जीनियस अ‍ॅक्ट', आणि त्यात लिहून ठेवलं की नाणं काढणाऱ्याने नाणं बाळगणाऱ्याला व्याज द्यायचं नाही. म्हणजे आपापाचा हमाल, लागोसचा खलाशी, ब्यूनस आयर्सचा टॅक्सीवाला, हे सगळे मिळून अमेरिकेच्या तिजोरीला बिनव्याजी कर्ज देतायत. आणि त्यांना वाटतंय आपण सुटलो. एका सावकाराच्या ओसरीवरून उठले ते दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसले. ओसरी जास्त पक्की आहे, छप्पर गळत नाही, हे मी कबूल करतो. पण ओसरी सावकाराचीच.

आणि ह्या गर्दीत खिसेकापू आलेच. २०१६ च्या डिसेंबरमध्ये, ऐन नाताळाच्या तोंडावर, महिन्याला ३० टक्के देणारी 'एमएमएम' नावाची साखळी नायजेरियात बसली. एप्रिल २०२५ मध्ये 'सीबेक्स' बसली, तीस दिवसांत दुप्पट म्हणत होती. इबादान शहरात लोकांनी तिचं ऑफिस फोडून खुर्च्या उचलून नेल्या. खुर्ची तरी मिळाली. आपल्याकडे पुण्यात २०१८ साली पोलिसांत गेलेलं 'गेन बिटकॉइन' प्रकरण आठवा, महिन्याला १० टक्के, अठरा महिने. तिथं काही खुर्च्याही मिळाल्या नाहीत.

आता बाबासाहेबांकडे येतो. १९२३ साली बत्तीस वर्षांच्या आंबेडकरांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. मी ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतोय, सगळं कळलंय असा दावा नाही. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. तेव्हाचे शेठलोक म्हणायचे रुपया पडला की देशाचा फायदा, माल बाहेर जास्त खपतो. बाबासाहेबांनी हिशेब मांडून दाखवलं की हा फायदा परदेशातून येत नाही. तो देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो. किमती आधी चढतात, मजुरी मागून लंगडत येते. त्या लंगडण्यातला पैसा कोणीतरी खातो. लागोसच्या तीस हजार नायरांचं जे झालं ते ह्याहून वेगळं काय आहे?

हल्ली काही पोरं म्हणतात, बाबासाहेब असते तर बिटकॉइनवाले झाले असते. कारण चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका, त्याला पक्की मर्यादा घाला असं ते सांगत होते, आणि बिटकॉइनला २ कोटी १० लाखांची मर्यादा आहे. अर्धी गोष्ट बरोबर. पण मर्यादा कशासाठी हवी होती? रुपयात आज जेवढे दाणे येतात तेवढे उद्याही यावेत ह्यासाठी. वर्षात चार हिश्शांतले तीन हिस्से गळणाऱ्या नाण्याला ते चलन म्हणाले असते असं मला वाटत नाही.

आणि माझा मुख्य मुद्दा हा आहे. टेथर वाचवतं ते शिल्लक. खलाशाकडे शिल्लक आहे, त्याला पगार डॉलरमध्ये मिळतो. ज्याचा पगार नायरात ठरतो आणि संध्याकाळी पिठात संपतो, त्याने मोबाईलमध्ये काय ठेवायचं? त्याचा पगार कोणत्याही अ‍ॅपने वाढत नाही. तो वाढवायला ३ जून २०२४ ला नायजेरियाच्या कामगार संघटनांनी देश बंद पाडला. राष्ट्रीय वीजजाळं बंद, विमानं जमिनीवर. त्या ४,९४,००० नायरा मागत होत्या. दुसऱ्या दिवशी संप स्थगित झाला, जुलैत कायदा झाला ७०,००० चा. आता पेन्सिल घ्या. डॉलर तेव्हा सोळाशेच्या आसपास. सत्तर हजार म्हणजे ४४ डॉलर. २०१९ चे तीस हजार होते ८० च्या वर. म्हणजे लढून आकडा दुपटीच्या वर नेला आणि तरी माणूस अर्ध्यावरच उभा. पुढची मागणी नुसत्या आकड्याची ठेवून भागणार नाही, पोत्याची ठेवावी लागेल. इतकी पोती, महिन्याला. आपल्या ठेकेदाराकडेही आपण महागाई भत्ता मागतो तो ह्याचसाठी, आणि तो नेमका तोच द्यायला टाळतो.

शेवटी मघाशी चिठ्ठीवर आलेला प्रश्न: 'मग आम्ही पैसे टाकावेत का?' भावांनो, नायजेरियाच्या माणसाचं घर जळत होतं म्हणून त्याने खिडकीतून उडी मारली. आपलं छप्पर गळतंय, जळत नाहीये. इथं नफ्यावर ३० टक्के कर आहे, २०२२ पासून. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करू देत नाहीत. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स ह्या आपल्याकडच्या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि लोकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकून पडले. ज्या पोराने आईच्या भिशीचे पैसे टाकलेत त्याने आज रात्री आईला सांगावं, उद्या नको.

पुढच्या रविवारी ह्याच जागी सकाळी दहाला रुपयाच्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण वाचायला घेणार आहे. डिक्शनरी एकच आहे, कुणाकडं असेल तर घेऊन या. चहाची वर्गणी दहा रुपये, रोख.